राहतो एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: अमेरिकेतल्या स्टेट टॅक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) हातात पडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर तेच ते प्रश्न सुरू होतात. फेडरल रिटर्न बहुतेकांना जमतं, घोळ होतो तो स्टेटचा. खाली दिलेली माहिती पगारदार माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. स्वतःची कंपनी असेल किंवा तीन-चार राज्यांत भाड्याची घरं असतील, तर थेट सीपीए (इथला सीए) गाठा.

भारतात राज्याचा आयकर कधी भरला नाही. इथे दोन-दोन, तीन-तीन रिटर्न कशाला?

भारतात आयकर केंद्राचा. पगारदाराला राज्याचा म्हणून काही द्यावा लागत असेल तर तो प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५००. तो कंपनीच कापून भरते, आपल्याला पे-स्लिपवर दिसतो तेवढाच. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचा आयकर लावायचा हक्क आहे, आणि बाहेरून येऊन कमावणाऱ्याकडूनही तो घेता येतो हे सुप्रीम कोर्टाने १९२० मध्येच सांगून टाकलं. शिकागोत राहून ओक्लाहोमात खनिज तेलाचा धंदा करणाऱ्या एकाने ओक्लाहोमाला टॅक्स द्यायला नकार दिला होता, त्या खटल्यात.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरा. तुम्ही ज्या राज्याचे रेसिडेंट, ते तुमच्या सगळ्या उत्पन्नावर टॅक्स लावतं, मग ते जगात कुठेही मिळालेलं असो. तुम्ही जिथे प्रत्यक्ष बसून काम करता, ते राज्य फक्त तिथे कमावलेल्या पैशावर लावतं. कंपनीचं मुख्यालय कुठे, पगार कुठल्या बँकेत येतो, याला जवळपास काही अर्थ नाही.

मी टेक्सासला राहतो. मग मी सुटलो ना?

टेक्सासच्या टॅक्समधून सुटलात, कारण तो नाहीच. पगारावर आयकर नसलेली राज्यं नऊ: टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेव्हाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का आणि न्यू हॅम्पशर. पण ऑस्टिनमध्ये राहून कॅलिफोर्नियाच्या क्लायंटकडे तीन महिने जाऊन बसलात, तर त्या तीन महिन्यांच्या पगारावर कॅलिफोर्नियाचा हक्क आहे. कॅलिफोर्नियाचा नॉन-रेसिडेंटसाठीचा फॉर्म ५४०एनआर भरावा लागेल, आणि घरच्या राज्याचा टॅक्सच नसल्यामुळे त्यातलं काहीही वळतं होणार नाही.

पोर्टलंडजवळ हे रोज दिसतं. नदीपलीकडे वॉशिंग्टनमधल्या व्हँकूव्हरला घर घ्यायचं आणि पुलावरून ओरेगनमध्ये नोकरीला यायचं. सेल्स टॅक्स नसलेल्या ओरेगनमध्ये खरेदी करता येते हे खरं, पण पगारावर ओरेगनचा टॅक्स पूर्ण लागतो.

घर न्यू जर्सीत एडिसनला, ऑफिस न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला. दोन्हीकडे टॅक्स भरायचा म्हणजे दुप्पट?

दुप्पट नाही. दोन्हींपैकी जो जास्त, साधारण तेवढाच पडतो. न्यूयॉर्कला नॉन-रेसिडेंट म्हणून आयटी-२०३ भरायचा, न्यू जर्सीला रेसिडेंट म्हणून एनजे-१०४०, आणि न्यूयॉर्कला दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट न्यू जर्सीत घ्यायचं, म्हणजे तेवढी रक्कम न्यू जर्सीच्या टॅक्समधून वळती करायची. त्यासाठी शेड्यूल एनजे-सीओजे आहे. क्रम महत्त्वाचा: आधी न्यूयॉर्क, मग न्यू जर्सी. सॉफ्टवेअरमध्ये उलट्या क्रमाने भरलं की क्रेडिटच्या जागी शून्य येतं आणि न्यू जर्सी पाच हजार डॉलर मागायला लागते. घाबरू नका. नॉन-रेसिडेंट रिटर्न पूर्ण करून परत या.

आकड्यांतून बघू. पगार १,२०,००० डॉलर, सगळा न्यूयॉर्कचा. बँकेचं व्याज ५,०००. एकूण १,२५,०००. समजा न्यूयॉर्कचा टॅक्स आला ६,५०० आणि न्यू जर्सीचा, क्रेडिटच्या आधी, ५,७५०. न्यू जर्सी म्हणते, तुमच्या उत्पन्नातला ९६ टक्के भाग न्यूयॉर्कने टॅक्स केला, म्हणून क्रेडिट जास्तीत जास्त ५,७५० च्या ९६ टक्के, म्हणजे ५,५२०. उरलेले २३० डॉलर न्यू जर्सीला द्या. ते २३० कशाचे? व्याजावरचे. व्याजावर हक्क राहत्या राज्याचा, न्यूयॉर्कचा नाही. आणि न्यूयॉर्कने घेतलेले वरचे ९८० डॉलर गेले ते गेले.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे डब्ल्यू-२ च्या १७ नंबरच्या खान्यातला, कापून गेलेला टॅक्स क्रेडिट म्हणून टाकणं. क्रेडिट मिळतं ते आयटी-२०३ वर शेवटी ठरलेल्या टॅक्सचं. कापलेले ८,००० असतील आणि ठरले ६,५००, तर वरचे १,५०० न्यूयॉर्ककडून रिफंड म्हणून येतात. त्यांचं क्रेडिट न्यू जर्सी कशाला देईल?

आणखी एक: आयटी-२०३ वर तुमचं सगळं उत्पन्न मांडावं लागतं, एनआरई खात्याच्या (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) व्याजासकट. ते बघून बरेच जण चिडतात. न्यूयॉर्क त्या व्याजावर टॅक्स लावत नाही. आधी सगळ्या उत्पन्नावर टॅक्स काढून मग त्यातला न्यूयॉर्कचा हिस्सा घेतला जातो, एवढंच. दर मात्र त्यामुळे थोडा वर सरकतो.

न्यूयॉर्क शहराचा वेगळा टॅक्सही मला लागतो का?

नाही. बाहेरून येणाऱ्यांवरचा शहराचा टॅक्स १९९९ मध्ये रद्द झाला. फॉर्मवर शहराचे रहिवासी आहात का, याला चुकून होकार दिलात तर मात्र लागेल. न्यूयॉर्क राज्यातल्याच याँकर्स शहरात ऑफिस असेल तर तिथला छोटा टॅक्स नॉन-रेसिडेंटनाही आहे.

आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो. ते दिवस तर न्यू जर्सीचे ना?

तर्काने हो, न्यूयॉर्कच्या मते नाही. न्यूयॉर्कचा नियम असा, की तुमचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि घरून काम तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. घरून काम करणं ही कंपनीची गरज असेल तरच तो दिवस बाहेरचा. ‘मॅनेजरने परवानगी दिली आहे’ ही गरज होत नाही. कनेटिकटमध्ये राहून घरून काम करणाऱ्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने याविरुद्ध झगडून पाहिलं. २००३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. डेलावेअर, नेब्रास्का आणि पेनसिल्व्हेनियातही याच जातीचे नियम आहेत. न्यू जर्सीने २०२३ मध्ये जशास तसं म्हणून स्वतःचा नियम केला, पण तो न्यूयॉर्कसारख्या राज्यांतून येणाऱ्यांसाठी.

आपल्यासाठी याचा अर्थ: एडिसनच्या बेसमेंटमध्ये बसून काम केलेले दिवस न्यूयॉर्कमध्ये धरा आणि न्यू जर्सीत त्यांचं क्रेडिट घ्या. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण माझ्या वाटण्याने नोटीस थांबत नाही.

खरा फायदा आहे तो कंपनीच्या कामासाठी तिसरीकडे गेलेल्या दिवसांचा. वर्षात २४० कामाचे दिवस, त्यातले ६० तुम्ही डॅलस आणि अटलांटाच्या क्लायंटकडे बसलात, तर न्यूयॉर्कचे उरले १८०. पगाराचा पाऊण हिस्साच न्यूयॉर्कचा. शनिवार-रविवार, सुट्ट्या, आजारपण या हिशोबात धरायचं नाही. हे आयटी-२०३-बी वर मांडायचं. मात्र अटलांटा जॉर्जियात येतं आणि जॉर्जियालाही आयकर आहे, तेव्हा तिथल्या दिवसांचं काय हेही बघावं लागतं.

डब्ल्यू-२ वर न्यूयॉर्कच्या ओळीत पूर्ण पगार छापला आहे. कंपनीची चूक का?

बहुधा नाही. न्यूयॉर्क कंपन्यांना फेडरलच्या पहिल्या खान्यातलाच आकडा १६ नंबरच्या खान्यात छापायला लावतं, तुम्ही तिथे वर्षात कितीही दिवस काम केलेलं असो. त्यामुळे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्ही ओळींत पूर्ण पगार दिसतो आणि बेरीज दुप्पट होते. डब्ल्यू-२ दुरुस्त करून मागायची गरज नाही. विभागणी रिटर्नमध्ये करायची.

न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल तर?

हे सोपं प्रकरण. या दोन राज्यांत करार आहे: पगारावर टॅक्स फक्त राहत्या राज्याचा. कंपनीला आरईव्ही-४१९ फॉर्म भरून द्या, ती पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापणं थांबवते. उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठी एनजे-१६५ आहे. फॉर्म द्यायचा राहिला आणि कापला गेला, तर पेनसिल्व्हेनियाचं रिटर्न भरून पूर्ण रिफंड मागा. त्याचं क्रेडिट न्यू जर्सीत घेऊ नका, मिळणार नाही.

फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स या करारात बसत नाही. नॉन-रेसिडेंटसाठी तो साडेतीन टक्क्यांच्या थोडा खाली आहे आणि तो कापला जाणारच. त्याचं क्रेडिट मात्र न्यू जर्सीत मिळतं, आणि कितीतरी लोक ते घ्यायला विसरतात.

असेच करार मेरिलंड, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यात आहेत. इलिनॉयचे आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहेत. करार फक्त पगारापुरता असतो. भाडं किंवा धंद्याचं उत्पन्न त्यात येत नाही.

माझी कन्सल्टिंग कंपनी न्यू जर्सीची, क्लायंट नॉर्थ कॅरोलिनात. शार्लटला अपार्टमेंट घेतलंय, बायको-मुलं न्यू जर्सीत. कंपनी फक्त न्यू जर्सीचा टॅक्स कापते.

एच-१बी वरच्या मंडळींचा हा नेहमीचा पेच. कामाची जागा शार्लट, म्हणून तिथल्या दिवसांच्या पगारावर नॉर्थ कॅरोलिनाचा टॅक्स लागतो, कंपनी कापो न कापो. घर आणि कुटुंब न्यू जर्सीत, म्हणून तुम्ही न्यू जर्सीचे रेसिडेंट. नॉर्थ कॅरोलिनात नॉन-रेसिडेंट रिटर्न भरा, पैसे स्वतः भरा, आणि न्यू जर्सीत क्रेडिट घेऊन कापलेला टॅक्स परत मिळवा. एप्रिलमध्ये एका राज्याला मोठा चेक द्यायचा आणि दुसऱ्याकडून दोन महिन्यांनी रिफंड, अशी ओढाताण होते. ती टाळायची तर पेरोलला लेखी कळवून कामाच्या राज्याचा टॅक्स कापायला लावा. ‘आम्ही सगळ्यांचा न्यू जर्सीचाच कापतो’ असं उत्तर मिळालं तर जबाबदारी तुमचीच उरते, हे ध्यानात ठेवा. शिवाय तुमच्या एलसीएवर (एच-१बी साठी कंपनीने कामगार खात्याकडे दिलेला अर्ज) शार्लटचा पत्ता आणि टॅक्समध्ये न्यू जर्सी, हे दोन कागद पुढे कधी एकत्र तपासले गेले तर कोड्यात पडायला नको.

१८३ दिवसांचा नियम नेमका काय?

लोक समजतात, १८३ दिवसांच्या आत राहिलं की टॅक्सच नाही. हा गैरसमज. काम केलंत तर पगारावर टॅक्स पहिल्या दिवसापासूनही लागू शकतो. इलिनॉयसारखी काही राज्यं ३० कामाच्या दिवसांपर्यंत सोडतात, पण सगळी नाही. १८३ चा प्रश्न येतो तो रेसिडेंट ठरवताना. न्यूयॉर्कमध्ये कायम वापरता येईल अशी जागा असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढले असतील, तर मूळ घर दुसऱ्या राज्यात असूनही तुम्ही न्यूयॉर्कचेही रेसिडेंट. तिथे दिवसाचा थोडासा भागही पूर्ण दिवस धरतात. तेव्हा व्याज-डिव्हिडंडवरही दोन्ही राज्यं दावा सांगतात आणि क्रेडिट नीट मिळत नाही. मॅनहॅटनला ‘उशीर झाला की झोपायला’ म्हणून स्टुडिओ घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

वर्षाच्या मधेच न्यू जर्सीहून टेक्सासला गेलो. काय करायचं?

न्यू जर्सीला पार्ट-इयर रेसिडेंट म्हणून रिटर्न. जाण्याची तारीख पक्की ठेवा: लीज, सामान हलवल्याची पावती, नवं ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांच्या शाळेचा दाखला. घर बदललं हे नुसत्या पत्त्यावर ठरत नाही. न्यूयॉर्कचे तपासनीस घर, धंदा, कुठे किती वेळ काढला, कुटुंब आणि जिवाभावाच्या वस्तू अशा पाच बाजू बघतात. देव्हारा आणि आजीची पितळी भांडी अजून जुन्याच घरात असतील, तर ‘मी गेलो’ हे म्हणणं लंगडं पडतं.

आरएसयू (कंपनीने द्यायचं ठरवलेले, पण ठरावीक काळ काम केल्यावरच हातात येणारे, म्हणजे व्हेस्ट होणारे शेअर) असतील तर जपून. कॅलिफोर्नियात असताना ग्रँट झालेले, म्हणजे देऊ केलेले शेअर टेक्सासला गेल्यावर व्हेस्ट झाले, तरी ग्रँटपासून व्हेस्टपर्यंतच्या कामाच्या दिवसांपैकी जेवढे कॅलिफोर्नियात गेले, तेवढा हिस्सा कॅलिफोर्नियाचाच.

न्यू जर्सीतलं घर विकून निघालो तर ‘एक्झिट टॅक्स’ लागतो म्हणे?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही भीती. असा टॅक्स नाही. नॉन-रेसिडेंटने घर विकलं तर व्यवहाराच्या वेळी अंदाजे टॅक्स आगाऊ भरून घेतात: नफ्याच्या १०.७५ टक्के, पण किमान विक्रीच्या किमतीच्या २ टक्के. तो आगाऊ असतो, रिटर्न भरल्यावर जास्तीचा परत येतो. विकताना तुम्ही अजून न्यू जर्सीचेच रेसिडेंट असाल तर जीआयटी/आरईपी-३ या फॉर्मवर सही करा, बहुतेकदा काहीच कापत नाहीत.

नवरा सिअ‍ॅटलला, बायको सॅन होजेला. एकत्र भरायचं की वेगळं?

फेडरल एकत्र भरलं तर राज्यातही बहुधा एकत्रच, पण अपवाद भरपूर. न्यू जर्सीत एक जण वर्षभर रेसिडेंट आणि दुसरा वर्षभर नॉन-रेसिडेंट असेल, तर फेडरल एकत्र भरूनही न्यू जर्सीचं एकट्याचं भरता येतं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि टेक्सास ही नवरा-बायकोची कमाई सामायिक मानणारी राज्यं आहेत. त्यामुळे सिअ‍ॅटलच्या पगाराचा अर्धा भाग सॅन होजेच्या बायकोचा धरून कॅलिफोर्निया त्यावर टॅक्स मागू शकतं. या एका प्रश्नासाठी सीपीएची फी द्यायला मागेपुढे पाहू नका.

मी बॉस्टनला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शिकते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात इंटर्नशिप केली. फेडरलमध्ये मी नॉन-रेसिडेंट आहे, मग स्टेटमध्येही तेच?

दोन्हींचा संबंध नाही. फेडरलचा नॉन-रेसिडेंट व्हिसा आणि दिवसांवरून ठरतो, राज्याचा घरावरून. इंटर्नशिपच्या पगारासाठी कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर भर. मॅसॅच्युसेट्समध्ये तू रेसिडेंट ठरतेस का, हे तिथल्या नियमांनी बघावं लागेल. भारत-अमेरिका कर-करारातली सूट न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया मानत नाहीत. फेडरलचं १०४०-एनआर नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही, त्यामुळे विद्यापीठाने दिलेलं सॉफ्टवेअर वापर आणि स्टेट वेगळं भर.

एनआरई एफडीचं व्याज आणि पुण्याच्या फ्लॅटचं भाडं राज्याला दाखवायचं?

रेसिडेंट असाल तर हो. एनआरई व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. फ्लॅटच्या भाड्यावर भारतात शेवटी ठरलेल्या टॅक्सचं फेडरलमध्ये क्रेडिट मिळतं, पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देत नाहीत. म्हणजे इथे खराखुरा दुहेरी टॅक्स बसतो.

कंपनी दोन वर्षांसाठी पुण्याला पाठवते आहे. कॅलिफोर्नियाचं रिटर्न थांबेल?

कामाच्या करारावर सलग किमान ५४६ दिवस बाहेर राहिलात आणि मधल्या कुठल्याही वर्षात ४५ पेक्षा जास्त दिवस कॅलिफोर्नियात आला नाहीत, तर तुम्ही नॉन-रेसिडेंट धरले जाता, सोबत गेलेला जोडीदारही. शेअर-व्याज वगैरेचं उत्पन्न वर्षाला २ लाख डॉलरच्या वर गेलं तर ही सवलत नाही. दिवाळीची सुट्टी आणि मुलांच्या शाळेचं काम मिळून ४५ दिवस चटकन भरतात, तेव्हा पासपोर्टवरचे शिक्के मोजत राहा.

निवृत्त होऊन फ्लोरिडाला जायचं आहे. ४०१(के) (नोकरीतला निवृत्ती फंड) न्यू जर्सीत साठवला, मग न्यू जर्सी त्यावर टॅक्स मागेल?

नाही. १९९६ च्या फेडरल कायद्याने जुन्या राज्याला सोडून गेलेल्या माणसाच्या पेन्शन, ४०१(के) आणि आयआरएवर (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) टॅक्स लावता येत नाही. फक्त खरोखर सोडून गेलेले असा.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याचं रिटर्न भरायचंच राहिलं. आता?

आता भरा. रिटर्नच भरलं नसेल तर राज्याला मागे जायला मुदतीचं बंधन नसतं. तुम्हाला मात्र रिफंड मागायला साधारण तीनच वर्षं मिळतात. न्यूयॉर्कने पाच वर्षांनी मागणी केली आणि न्यू जर्सीत क्रेडिट घ्यायची मुदत उलटून गेली, तर दोन्हीकडे पूर्ण टॅक्स भरून मोकळे व्हाल. राज्याकडे तुमच्या डब्ल्यू-२ ची प्रत असते, तेव्हा पत्र येणारच. आलं तर त्यावरच्या तारखेच्या आत उत्तर द्या, भले ते ‘माझा टॅक्स दुसऱ्या राज्यात भरला आहे, सोबत प्रत’ एवढंच असो.

तारखा आणि कागदपत्रं?

बहुतेक राज्यांची तारीख १५ एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे. एक्स्टेन्शन रिटर्न भरायला मिळतं, पैसे भरायला नाही.

कागदांत सर्वांत कामाचा म्हणजे कामाच्या दिवसांचा तक्ता: तारीख, शहर, कुणासाठी. सोबत ऑफिसच्या स्वाइपची नोंद, ट्रेनचा पास, ई-झीपासचं (टोलचं) स्टेटमेंट, विमानाची तिकिटं. एका राज्याच्या रिटर्नची प्रत दुसऱ्याला लागू शकते, म्हणून दोन्ही पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. न्यू जर्सीत भाड्याने राहत असाल आणि न्यूयॉर्कच्या क्रेडिटने तुमचा टॅक्स शून्यावर आला असेल, तर प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीऐवजी ५० डॉलरचं क्रेडिट निवडा. शून्यातून वजावट करून काही मिळत नाही, ५० डॉलर मात्र खात्यात जमा होतात.